सतरावा नमुना

अंजूरफाट्याला रिक्षा अडकली होती. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मध्ये मी, मांडीवर पडवळ आणि कोथिंबिरीची जुडी. तेव्हा मोबाइल वाजला. रुचिकाचा मेल होता. रुचिका माझी शेवटची विद्यार्थिनी. निवृत्त होताना माझे सगळे जिवाणू, म्हणजे संस्थेच्या फ्रीजरमधल्या तीनेकशे कुप्या, मी तिच्या ताब्यात देऊन आले. बायका लेकीला दागिने देतात. मला लेक नाही, नवरा करायचा राहूनच गेला, म्हणून मी जिवाणू दिले. मेलची सुरुवात गोड होती, तब्येत कशी आहे, भिवंडीत करमतं का वगैरे. मग तिने लिहिलं होतं की डी-सतराचा सगळा जीनोम तिने वाचून काढला, आणि तो एका परदेशी कंपनीच्या कल्चरशी, म्हणजे विकतच्या विरजणाशी, जुळतो. जुळतो म्हणजे नातेवाईक असल्यासारखा नव्हे, तोच आहे. अठरा लाख अक्षरांत अकरा अक्षरांचा फरक. ही कंपनी पन्नास वर्षांपासून ते कल्चर पाकिटातून डेअऱ्यांना विकते आहे. ‘कुठेतरी मिसळामिसळ झाली असावी, मॅडम,’ असं तिने समजूतदारपणे म्हटलं होतं. आणि शेवटी, लेखात तुमचंही नाव आहे म्हणून विचारते, हे असंच लिहू का? मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. अकराच. रिक्षावाल्याने मागे वळून सांगितलं, मैडम, उतरना है तो उतर जाओ, ये आधा घंटा नहीं हिलेगा. मी उतरले नाही. कुठे उतरणार होते?

डी-सतरा म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, कारण माझ्याविषयी सांगण्यासारखं तेवढंच आहे. दापोड्याच्या शेतकऱ्याची मी चौथी मुलगी. पहिल्या तिघींच्या वेळी हौस फिटली होती तरी माझं नाव हौसा ठेवलं, आणि पुढे संस्थेत हे नाव उच्चारायची मला इतकी लाज वाटे की मी तीस वर्षं नुसती एच. के. भोईर म्हणून सही केली. मी अन्नशास्त्र शिकले. दूध का फाटतं, दही का बांधतं, पाणी का सोडतं, एवढंच माझं जग. ब्याण्णव साली सरांनी, माझ्या गाइडनी, फर्मान काढलं की बाहेरच्या कंपनीचं कल्चर विकत घेऊन दही लावायचं हा आपला करंटेपणा आहे, गावागावांतून जुनी विरजणं आणा, आपले जिवाणू आपण शोधू. मी थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून एसटीने वणवण फिरले. पडघा, शहापूर, वाशिंद, वज्रेश्वरी, सोळा गावं, सोळा मडकी. सतरावं आमच्या घरचं, ठकुबाईकाकीचं. काकी वडप्याहून लग्न होऊन आली तेव्हा माहेरचं वाटीभर विरजण घेऊन आली होती आणि तिचं मडकं त्यानंतर कधी रिकामं पडलं नाही, असं घरात सगळे सांगत. ते शेवटचं घेतलं, बाटलीवर डी-१७ लिहिलं, डी म्हणजे दापोडे, आणि मुंबईला आले. बाकीचे सोळा म्हणजे सोळा तऱ्हा होत्या. एक चिकट तार सोडणारा, एक कडवट, एक मनात आलं तर बांधणारा, दोन तर तिसऱ्या खेपेला मेलेच. डी-सतरा मात्र चार तासांत सुरीने कापावं असं दही बांधायचा. रोज, कुठल्याही दुधात, न रुसता. दह्याच्या जिवाणूंना मारणारे विषाणू असतात, त्यांनाही तो दाद देत नव्हता. घरचं पोर एवढं शहाणं नसतं, हे मला तिथेच कळायला हवं होतं.

पण मला अभिमान वाटला. मी प्रबंधात लिहिलं की पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या हातून निवडत निवडत हा जिवाणू असा तयार झाला आहे. मातीचं मडकं, खाडीकडचा दमट वारा, म्हशीचं दूध, सगळं त्यात घातलं. हे वाक्य इतकं गाजलं की माझ्याच लेखांत ते मी चौदा वेळा वापरलं. डी-सतराच्या बोटाला धरून मी अन्नशास्त्रातून सूक्ष्मजीवशास्त्रात शिरले. दह्यावरून आतड्यावर गेले, उंदरांना तो पाजला, त्यांचं कोलेस्टेरॉल मोजलं, दोन पेटंटं घेतली, विभागप्रमुख झाले. परिषदांत माझ्या पहिल्या स्लाइडवर मडकं घेतलेली काकी असायची, आणि गोरे लोक टाळ्या वाजवायचे. ती स्लाइड खोटी होती, असं अंजूरफाट्याला रिक्षात बसून मनाशी म्हणून पाहिलं, तर वाक्य पुरं होईना.  

माणूस अशा वेळी काय करतो? दुसऱ्याचं नाव घेतो. वड्याचं तेल वांग्यावर काढण्यात आम्हां शास्त्रज्ञांचा हात कुणी धरणार नाही. मला आधी सर आठवले. त्यांच्या टेबलावर तुलनेसाठी बाहेरच्या कल्चरची पाकिटं उघडी पडलेली असायची. मग आमच्याकडचा जुना प्रयोगशाळा-मदतनीस आठवला, बाटल्या उकळायच्या सोडून चहा उकळणारा. दोघेही वारलेत, त्यामुळे आरोप करायला बरे. पण दोघांपैकी कुणावरही आरोप नीट बसत नव्हता, कारण डी-सतरा मी पहिल्या दिवशीच वेगळा काढला होता, माझ्या हाताने, सर दौऱ्यावर असताना, नवीन काचसामानात. आणि मग, ट्रॅफिक हळूहळू हलू लागल्यावर, माझ्या डोक्यात दुसराच विचार शिरला आणि मी अक्षरशः ताठ बसले. त्यांचा आमच्याकडे आला असंच का? आमचा त्यांच्याकडे गेला नसेल कशावरून? सत्तर साली कुणी साहेब हिंडत आला असेल, कुणी डेअरीचा अधिकारी, कुणी मिशनरी, ठकुबाईच्या मडक्यातलं चमचाभर घेऊन गेला असेल. कंपनीने पाकिटात घातलं, जगभर विकलं. चोर ते! वा! बासष्टाव्या वर्षी मी रिक्षात बसून वर्तमानपत्रातला मथळासुद्धा वाचला. त्या आनंदाची मला आता शरम वाटते, पण तेव्हा खरंच झाला होता. मी रिक्षावाल्याला सांगितलं, घरी, कामतघरला नको, दापोडा चलो. तो म्हणाला, उधर तो और भी जाम है. मी म्हटलं, चलो.

आमची शेतं होती तिथे आता गोदामं आहेत. निळ्या पत्र्याची, एकासारखं एक, ए-चार, बी-नऊ, अशी नावं असलेली. रस्त्याला वजनकाटे, टायरवाले, बिर्याणीच्या गाड्या, गेटवर ओळखपत्र लटकवून शिफ्टची वाट बघत उभ्या असलेल्या पोरी. काकीचा नातू भावेश ह्यातल्या चार गोदामांचा मालक आहे आणि त्याचं घर तीन मजल्यांचं आहे, बाहेरून सगळं फरशीने मढवलेलं. काकी तळमजल्यावर ओटीच्या खाटेवर बसून दाराबाहेर जाणारे ट्रेलर बघत असते. पंच्याऐंशी-सत्त्याऐंशी वय, कान जरा कमी, डोकं शाबूत. मला बघून तिने पडवळाकडे आधी पाहिलं आणि हे कितीला दिलं विचारलं. मग सुनेला चहा टाकायला सांगितला. ताकाला जाऊन भांडं लपवण्याची मला जुनी सवय, त्यामुळे मी पाऊण तास भावेशच्या बीपीबद्दल आणि रस्त्याच्या रुंदीकरणाबद्दल बोलत राहिले. शेवटी विचारलं, काकी, पूर्वी कधी, मी लहान असताना, कुणी परका माणूस आपल्याकडून दही घेऊन गेला होता का? गोरा, किंवा सरकारी? काकीने बराच विचार केला. मग म्हणाली, परका कोन येल गो. एक तूच आलेलीस, ते बाटल्या घेऊन.

मग ती हसली. दात नाहीत, त्यामुळे काकी हसली की सगळा चेहरा आत जातो. म्हणाली, तवा तुला फशिवलेलं मी. मी काय ते समजले नाही. चहाचा कप हातात होता. तिने सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत सांगते, कारण माझ्या शब्दांत ते मला अजून सांगता येत नाही.

“तू आलीस तिन्हीसांजेला. मी देवाजवल नुकता दिवा लावलेला. आल्या आल्या बोललीस, काकी विरजण दे, मंबईला न्यायचंय. आता दिवा लागल्यावं विरजण घराभायेर देतात का? घरातली बरकत जाते. तू शिकलेली, न्हाय बोलले तं तुला राग येल. मग भावेशचे बापान डेरीचं दही आणलेलं, डब्याचं, तो तवा डेरीचे टेम्पोवं व्हता ना, तंच मडक्यात वतलं न दिलं तुला. सकालपर्यंत थांबली असतीस तं खरं दिलं असतं.”

सकाळपर्यंत मी थांबणार नव्हते, कारण खोक्यातला बर्फ वितळत होता आणि शेवटची एसटी साडेसातला होती. ह्याच जागेवरच्या जुन्या ओटीवर मी वाढले. तिन्हीसांजेनंतर दूध, मीठ, विरजण, सुई काही घराबाहेर जात नाही, हे मला चालायला यायच्या आधी माहीत होतं. शेजारची बाई अंधार पडल्यावर विरजण मागायला आली तर आई काय उत्तर द्यायची, तेसुद्धा मला पाठ होतं. सगळं विसरून मी दारात उभी राहिले आणि हुकूम केल्यासारखं विरजण मागितलं, आणि एका शहाण्या बाईने माझाही मान ठेवला आणि घराचाही. चूक कुणाची म्हणायची? बाटलीवर मी वेळसुद्धा लिहिली होती. संध्याकाळी सहा पन्नास. प्रबंधाच्या परिशिष्टात ती छापलेली आहे, तीन परीक्षकांनी ती वाचली, आणि त्यातला एकही भिवंडी तालुक्यातला नव्हता.

मी विचारलं, मग मला सांगितलं का नाहीस? गावाने आपला सत्कार केला, शाळेच्या पटांगणात, तुला माझ्या शेजारी बसवलं, शाल दिली, मी माइकवरून तुझ्या मडक्याबद्दल अर्धा तास बोलले, तेव्हा तरी? आवाज चढला असावा, कारण सून आतून डोकावून गेली. काकीला काही वाटलं नाही. “सत्कार तुझा व्हता का दह्याचा?” तिने विचारलं. मग जरा वेळाने म्हणाली, त्यात काय एवढं, दही ते दही. मी विचारलं ते खरं विरजण आता कुठे आहे. ते कवाच गेलं, म्हशी इकल्या तवाच. म्हणजे माझा सतरावा नमुना मी कधी घेतलाच नाही, आणि आता तो जगात कुठेही नाही. काकी फ्रीजमधलं पाकिटाचं दही खाते, दात नसल्याने तिला ते बरं पडतं. निघताना तिने माझ्या पिशवीतलं अर्धं पडवळ काढून घेतलं.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. चार मैत्रिणींत सांगायला छान किस्सा, म्हातारीने शास्त्राला कसं गंडवलं. रुचिकाला ‘लिही’ असं कळवायचं आणि मोकळं व्हायचं. चूक प्रामाणिक होती, मला माहीत नव्हतं. दापोड्याहून परत येताना मी हे वाक्य बऱ्याच वेळा म्हटलं. मला माहीत नव्हतं. पण रिक्षा नारपोलीतून आली. मी सहसा त्या रस्त्याने येत नाही, लांबून जाते, रिक्षावाले वैतागतात. नारपोलीत एका लूमच्या, यंत्रमागाच्या कारखान्याच्या वर, पहिल्या मजल्यावर, एक पिवळी पाटी आहे: हेमाली मॅडमचे सायन्स क्लासेस, आठवी ते बारावी. खाली मोबाइल नंबर. खालच्या लूमच्या खडखडाटात ती पोरांना कसं शिकवते देव जाणे.

हेमाली माझी विद्यार्थिनी होती, रुचिकाच्या कितीतरी आधीची. दोन हजार पाच साली आली. वडील लडकू तरे, शाळेत शिपाई, भिवंडीचेच, म्हणून मी तिला मुद्दाम घेतली. हुशार, हाताने फार नेटकी, बोलायला नको तितकी सरळ. डीएनएचे तुकडे पाडून त्यांचे पट्टे पाहण्याचं तंत्र तेव्हा आमच्याकडे नवीन आलं होतं. तिने डी-सतराचे पट्टे काढले आणि तुलनेला म्हणून शेजारी बाजारातलं कल्चर लावलं. दोन्हींचे पट्टे एकसारखे आले. ती फोटो घेऊन माझ्या खोलीत आली, दार लावून घेतलं, आणि हळू आवाजात म्हणाली, मॅडम, हे बघा ना जरा. म्हणजे मला वाचवायलाच आली होती. मी म्हटलं, एका नळीतला थेंब दुसरीत पडला असेल, पुन्हा कर. तिने पुन्हा केलं. तेच. तिसऱ्यांदा तिने प्रत्येक पायरीला दुसऱ्या विद्यार्थ्याला साक्षीला उभं केलं. तेच. तेव्हा माझी बढती समितीसमोर होती, दुसरं पेटंट दाखल होत होतं. मी तिच्या वार्षिक अहवालात लिहिलं की विद्यार्थिनीचं काम अस्वच्छ आहे, नमुने दूषित होतात, वारंवार सांगून सुधारणा नाही. सूक्ष्मजीवशास्त्रात एखाद्याचे हात घाण आहेत असं लिहिलं की संपलं. आचाऱ्याच्या जेवणात किडे निघाले म्हटल्यासारखं आहे ते. समितीने सहा महिन्यांत तिची पीएचडीची नोंदणी रद्द केली. ती रडली नाही. तिने टेबल पुसलं, ॲप्रन घडी करून खुर्चीवर ठेवला.

आणि ह्याच्या आधीच्या रविवारी, अहवाल लिहिण्याच्या आधीच्या रविवारी, मी एकटी प्रयोगशाळेत गेले होते. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही, स्वतःलासुद्धा नीट सांगितलं नव्हतं. ब्याण्णव साली डी-सतरा गोठवून, सुकवून काचेच्या कुपीत बंद केला होता, कुपीचं तोंड ज्योतीवर वितळवून. अशी एक मूळ कुपी फोडली. वाढवला. पट्टे काढले. शेजारी बाजारातला लावला. अतिनील दिव्याखाली धरलं आणि दोन्ही शिड्या सारख्या दिसल्या, एकेक पायरी. मी फोटो काढला नाही. पट्टे ज्यात उमटतात तो जेल ब्लीचमध्ये टाकला, कुपीच्या काचा कागदात गुंडाळून स्वतः कचऱ्यात नेऊन टाकल्या आणि घरी येऊन वरण-भात केला. जेवताना स्वतःशी ठरवलं की हेमालीनेच तीही कुपी बिघडवली असणार. ब्याण्णव साली बंद केलेली कुपी. हेमाली तेव्हा अकरा वर्षांची होती. एवढी बुद्धिमान बाई मी, दोन पेटंटांची, आणि माझ्या डोक्याने हे वाक्य बिनतक्रार गिळलं. तेव्हा मला माहीत होतं. का झालं ते माहीत नव्हतं, काकीचा दिवा माहीत नव्हता, पण पोरगी खरं बोलते आहे हे त्या रविवारपासून मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रुचिकाला लिहिलं: लिही, आणि सोबत नमुना कसा घेतला गेला तेही लिही, मी तपशील पाठवते. मला वाटलं होतं ती फोन करील, हळहळेल. तिचं उत्तर दहा मिनिटांत आलं. थँक्यू मॅडम, पण तेवढं लागणार नाही, डी-सतरा आता मुख्य लेखात नाहीच आहे, शेवटच्या तक्त्यात एक ओळ आहे, तिथे एक तळटीप टाकते. तीस वर्षं, आणि तळटीप. मला राग आला, मग हसू आलं, मग खुर्चीत बसून मी बऱ्यापैकी रडले. पेटंटं कधीच संपलीत, ज्या कंपनीने ती घेतली होती ती बुडालीय, उंदीर तर केव्हाच गेले. माझ्या खोटेपणाने आता जगाचं काहीही बिघडत नव्हतं. बिघडलेलं एकच होतं आणि ते नारपोलीत लूमच्या वर राहत होतं.

नंबर मी कालच टिपून घेतला होता. फोन लागला तेव्हा मागे पोरांचा गलका होता. मी म्हटलं, हेमाली, मी भोईर मॅडम. पलीकडे गलका ऐकू येईनासा झाला, ती जिन्यात आली असावी, कारण लूमचा आवाज वाढला. मी सगळं भराभर सांगत सुटले, जीनोम, कंपनी, काकी, तिन्हीसांज. काकीचा भाग जरा रंगवून सांगितला, हे मला बोलताना कळत होतं. ती हसावी असं वाटत होतं. म्हटलं, तुझे पट्टे बरोबर होते. हे तिला आधीच ठाऊक असल्यासारखं ती म्हणाली, हो. 

“मॅडम, एकच विचारू?” ती म्हणाली. “तेव्हा तुम्हाला खरंच वाटलं होतं का माझे हात घाण आहेत? की माहीत होतं?”

इथे मला खोटं बोलता आलं असतं. सरळ, सोपं, कुणालाही कधीही न कळणारं. काकीची गोष्ट तर त्यासाठी देवाने पाठवल्यासारखी होती: मी फसले, मग मी चुकले, आपण दोघीही बिचाऱ्या. वाक्य तयार होतं, जिभेवर होतं. खाली लूमवर कुणीतरी कुणाला हिंदीत शिवी दिली ती स्पष्ट ऐकू आली.

“माहीत होतं,” मी म्हटलं. “तुझा अहवाल लिहायच्या आधी मी स्वतः करून पाहिलं होतं. मूळ कुपीतून.”

ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.  तिने शिक्षिकेच्या आवाजात विचारलं की हे मी लिहून देईन का. मी म्हटलं, संस्थेला लिहिते, आजच, संचालकांना. ती म्हणाली, संस्थेला काय करायचंय, मॅडम, माझं वय पंचेचाळीस आहे. बाबांना हवंय. ते अजून विचारतात, पोरी, तू तिथे नेमकं काय केलं होतंस म्हणून काढलं. मी त्यांना सांगितलं होतं की मी काही केलं नाही. ते बरं म्हणाले, पण घरात पाव्हणे आले की त्यांच्यासाठी पाणी आईकडूनच मागायचे, मला हात लावू द्यायचे नाहीत. त्यांना वाटायचं, एवढी मोठी बाई, आपल्याच गावची, ती खोटं कशाला लिहील. मग ती म्हणाली, इंग्रजीत नको, त्यांना मराठीच वाचता येतं.

मी वही घेऊन बसले. आयुष्यात दीडशेच्या वर लेख लिहिले, एकही मराठीत नाही, त्यामुळे सुरुवातच जमेना. श्री. लडकू तरे यांस. पहिला कागद मी वातावरण, तंत्रज्ञान, त्या काळच्या मर्यादा असं लिहून भरला आणि फाडला. दुसऱ्यात काकी आली, तोही फाडला. जेवायची वेळ टळून गेली. तिसऱ्या कागदावर चार ओळी उतरल्या. तुमची मुलगी हेमाली हिचं काम स्वच्छ आणि बरोबर होतं. ते बरोबर आहे हे मी स्वतः तपासून पाहिलं होतं. तरी माझं नाव राहावं म्हणून मी तिच्याविरुद्ध खोटा अहवाल लिहिला. तिचा काहीही दोष नव्हता. खाली सही केली, हौसा केसरीनाथ भोईर, आणि फोटो काढून पाठवला. दोन निळ्या खुणा लगेच आल्या. मग काही नाही. मी भांडी घासली, कपडे वाळत घातले, मोबाइल दर दोन मिनिटांनी पाहिला. मला क्षमा हवी होती, हे आता सांगून टाकायला हरकत नाही. निदान शिव्या तरी.

चारच्या सुमाराला तिचा मेसेज आला. ‘बाबांना वाचून दाखवलं. मग त्यांनी चष्मा लावून स्वतः वाचलं, दोनदा.  आत्ता चहा घेताना विचारलं, बाईंना पेन्शन चालू आहे का, ह्या कागदामुळे बंद तर नाही ना व्हायची.’

 मी लिहिलं, हो, चालू आहे.